बंदिश रचण्याचा अधिकार

आम्ही आळ्याचे. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा एस.टी.ने फिरणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असतो. गाव मात्र आत आहे आणि तिथवर वाट वाकडी करून येणारे बहुतेक जण रेड्याच्या समाधीसाठी येतात. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा आळंदीच्या वाटेवर आमच्या गावी देह ठेवून गेला, अशी श्रद्धा आहे. चैत्रातल्या यात्रेत आम्ही मुसलमानांची पोरेही पाळण्यात बसलो, रेवड्या खाल्ल्या. चमत्कार खरा की खोटा हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही आणि आजही पडत नाही. पण त्या कथेच्या पोटात जो प्रश्न आहे तो आयुष्यभर सोबत राहिला. बोलण्याचा अधिकार कुणाचा, आणि तो ठरवणार कोण?

हा प्रश्न आमच्या वाट्याला गाण्याच्या रूपाने आला. घरात मर्फीचा रेडिओ होता. रात्री वडील झोपले की आवाज बारीक करून आम्ही ख्याल ऐकायचो. समजत काहीच नव्हते, पण सुटतही नव्हते. धीर करून एकदा घरात म्हटले, गाणे शिकायचे आहे. उत्तर आले, "हे आपल्यातलं नाही." मग तालुक्यात एक जण गाण्याचा वर्ग घेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नाव विचारले, प्रेमाने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, गाणं तर तुमचंच! मोठमोठे उस्ताद तुमच्यातले. तुला आम्ही काय शिकवणार?" त्यांच्या मनात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. पण वर्गात जागा काही मिळाली नाही. एकाने सांगितले, हे तुझे नाही. दुसऱ्याने सांगितले, हे तुझेच आहे. दोन्ही वाक्यांनी दार तेवढे बंद केले.

हे सारे पुन्हा आठवायला कारण घडले ते डॉ. प्रभा अत्रे यांच्या जाण्याने. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ९१ होते, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. वर्तमानपत्रांनी त्यांना योग्य तो मान दिला. १९९० ची पद्मश्री, २००२ चे पद्मभूषण, २०२२ चे पद्मविभूषण, सारे छापून आले. किराणा घराण्याची ज्येष्ठ गायिका गेली, असे सर्वांनी लिहिले. ते खरेच आहे. पण गायिका म्हणून त्यांचा जेवढा गौरव झाला, त्या मानाने रचनाकार म्हणून त्यांची चर्चा फार थोडी झाली. आमच्या मते त्यांचे खरे मोल तिथे आहे, आणि ते मोल या अंकाच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. कारण प्रभाताईंपर्यंत जी तालीम पोचली ती ज्या घरातून पोचली, त्या घराची कहाणी आपल्याशी बांधलेली आहे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे. बडोद्याच्या दरबारात असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचे मन जुळले आणि दोघे तिथून निघाले. मिरजेत, पुण्यात त्यांचा संसार झाला. पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय चालवले. पाच मुले झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यानंतर अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती राणे झाल्या. आपल्याकडे ही हकिगत सांगताना काहींचा सूर तक्रारीचा असतो, की आपले होते, ते गेले. आम्हाला ती तक्रार कधी पटली नाही. पाच मुलांना घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईने त्या काळच्या पुण्या-मुंबईत जगण्यासाठी जे केले, त्याचा हिशेब शंभर वर्षांनी आपण काय मागायचा? शिवाय नावे बदलली तरी तालीम बदलली नाही. सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या गळ्यात वडिलांचा आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांचा सूर होता तो तसाच राहिला. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर खाँसाहेबांचा अंत झाला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे आजही उरुसात गाणे होते.

प्रभाताई या घरात जन्माने आल्या नाहीत. १३ सप्टेंबर १९३२ चा त्यांचा जन्म, पुण्यातला. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आई आजारी असत. मन रमावे म्हणून त्यांना गाण्याची शिकवणी लावली, ती आईपेक्षा आठ वर्षांच्या मुलीलाच लागू पडली. पुढे सुरेशबाबूंकडे आणि १९५३ साली ते गेल्यावर हिराबाईंकडे त्यांची तालीम झाली. एकीकडे विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, मराठी संगीत नाटकांतल्या भूमिका. पुढे आकाशवाणीत नोकरी, संगीतात डॉक्टरेट, मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद. ना खानदान, ना बाप-आजाचा गंडा. घराण्याच्या जुन्या हिशेबात अशा शागिर्दाचे काम ठरलेले असते. मिळाले ते जपावे आणि पुढे द्यावे.

प्रभाताईंनी ते केलेच. १९९२ पासून सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्या नावाने संगीत संमेलन भरवून त्यांनी गुरूंचे ऋण जाहीरपणे मानले. पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतः बंदिशी रचल्या, आणि त्याही पाच-दहा नव्हेत, शेकड्यांनी. ख्याल, तराणे, ठुमरी, दादरा अशा अनेक प्रकारांत रचल्या. 'स्वरांगिणी', 'स्वररंजनी' यांसारख्या पुस्तकांतून त्या स्वरलिपीसह छापल्या. अपूर्वकल्याण, मधुरकंस, दरबारी कंस, पटदीप-मल्हार, तिलंग-भैरव असे नवे राग बांधले. आकाशवाणीसाठी संगीतिका केल्या. ख्यालाच्या इतिहासात बंदिशकार म्हणून स्त्रीचे नाव क्वचितच येते. बायकांनी गायचे ते पुरुषांनी रचलेले, हाच रिवाज. बंदिशीतली नायिका रात्रभर जागते, रुसते, सासू-नणंदेला भिते, पण तिच्या तोंडी हे शब्द घालणारा बहुधा पुरुष असतो. ही चौकट प्रभाताईंनी घोषणा न करता ओलांडली.

आता प्रत्यक्ष रचनेकडे येऊ. सत्तरच्या दशकात मारूबिहाग आणि कलावतीची त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि घरोघर गेली. तिच्यातल्या दोन द्रुत बंदिशी त्यांच्या स्वतःच्या आहेत. मारूबिहागातली 'जागू मैं सारी रैना' आणि कलावतीतली 'तन मन धन'. दोन्ही इतक्या गायल्या गेल्या की शिकाऊ गायकांना त्या पारंपरिकच वाटतात. रचनाकाराला याहून मोठी पावती कोणती? पण त्या का टिकल्या हे पाहण्यासाठी नुसती नावेच उच्चारून पाहावीत. पहिलीतले स्वर मोजा. जा, गू, सा, री, रै, ना, सगळे दीर्घ. लय द्रुत असली तरी प्रत्येक अक्षरावर सुराला क्षणभर टेकायला जागा आहे. मारूबिहाग दोन मध्यमांचा राग, त्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे आवडते, आणि हे शब्द त्या सरकण्याच्या आड येत नाहीत. दुसरी अगदी उलट. तन, मन, धन हे तिन्ही शब्द छोट्या अक्षरांचे आणि तिन्हींचा शेवट एकाच 'न'वर. कलावतीत रिषभ नाही, मध्यम नाही. पाच स्वरांचा हा मोकळा राग, त्यात झेपा फार. तिथे हे आखूड शब्द पायरीसारखे उपयोगी पडतात. एकावर पाय दिला की दुसरा समोर हजर. शब्दांचा अर्थ कळण्याआधी त्यांचे वजन कळावे, ही बंदिशकाराची पहिली कसोटी. कवीला ती ठाऊक असतेच असे नाही. गात गात रचणाऱ्यालाच ती साधते.

नव्या रागांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तिथे शंका घेणारे पुष्कळ. दोन राग एकत्र केले की झाला नवा राग, असा एक समज आहे. दरबारी आणि मालकंस यांचाच विचार करा. दरबारीचा प्राण त्याच्या आंदोलित कोमल गंधारात, आणि रिषभ-पंचमाशिवाय तो उभा राहत नाही. मालकंसात तर रिषभही नाही आणि पंचमही नाही. एकाला जे हवेच, ते दुसऱ्याला चालतच नाही. अशा दोघांना एका घरात नांदवायचे म्हणजे कुठल्या स्वरावर कुणी मागे सरायचे हे ठरवावे लागते. ते नियमाने ठरत नाही, कानाने ठरते, आणि बंदिशीशिवाय ते सिद्धही होत नाही. बंदिश हाच त्या तडजोडीचा करारनामा. नवे राग त्यांनी आरोह-अवरोहापुरते कागदावर ठेवले नाहीत. बंदिशींतून ते गाऊन दाखवले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

सरगमबाबतही असेच झाले. ख्यालात सरगम घ्यावी की नाही यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला. स्वरांची नावे घेणे म्हणजे गाण्याचे व्याकरण मैफलीत मांडणे, असे काहींना वाटे. प्रभाताईंनी सरगम गायली, आणि तिच्यावरच आपला डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. इथे पुन्हा मूळ घराकडे जावे लागते. कर्नाटक संगीत मनापासून ऐकून, तिकडची सरगम ख्यालात मिसळणारे अब्दुल करीम खाँच होते. प्रभाताईंनी जाहीरपणे मानलेले दुसरे नाव उस्ताद अमीर खाँ. त्यांच्या गाण्यातही सरगमीला मोठे स्थान होते. ठुमरीसाठी त्या बडे गुलाम अली खाँसाहेबांचे नाव घेत. हे दोघे नुसते गवई नव्हते. अमीर खाँ 'सूररंग' या नावाने आणि गुलाम अली 'सबरंग' या नावाने बंदिशी रचत. प्रभाताई त्यांच्यासमोर गंडा बांधून बसल्या नाहीत, ऐकून शिकल्या. त्यांनी या उस्तादांकडून नुसती गायकी घेतली नाही. आपल्या गाण्याचे शब्द आपण रचायचे, ही हिंमतही तिथूनच आली असावी, असे आम्हाला वाटते.

अशी नावे आपल्याकडे किती! सदारंगपासून सुरुवात करावी. अल्लादिया खाँसाहेबांचे 'अहमदपिया', फैयाज खाँसाहेबांचे 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँसाहेबांचे 'प्राणपिया', अजमत हुसेन खाँसाहेबांचे 'दिलरंग'. यांच्या बंदिशींत कृष्ण येतो, ख्वाजा येतो, होळी येते, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. पण या मुद्रेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बंदिश ही खानदानाची दौलत होती. ती जपून ठेवली जाई, लेकीच्या लग्नात जावयाला दिली जाई, असे सांगतात. उस्तादांना यासाठी कंजूष म्हणण्याची एक फॅशन आहे, आणि ती अन्यायाची आहे. ज्याच्याजवळ जमीन नाही, पदवी नाही, दरबार गेला की पोटाची सोय नाही, त्याने आपली एकमेव मिळकत तिजोरीत ठेवली तर नवल कसले? प्रभाताईंना विद्यापीठाचा पगार होता, प्रकाशक होते. त्यांना आपल्या बंदिशी छापून सर्वांच्या हाती देणे परवडले. म्हणून उस्ताद लहान होत नाहीत. पण छापलेल्या पुस्तकाने जे घडते ते तिजोरीने घडत नाही, हेही मान्य करावे. पुस्तक विकत घेणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. तालुक्याच्या वर्गात आमचे जे झाले, ते पुस्तकाच्या दुकानात झाले नसते.

आता आमच्या तक्रारी. समीक्षा करायची तर त्याही मांडल्याच पाहिजेत. पहिली अशी की सूर आणि लय यांबाबत प्रभाताई जितक्या पुढे गेल्या, तितक्या शब्दांच्या आशयात गेल्या नाहीत. एवढ्या बंदिशी ज्यांनी स्वतः रचल्या त्यांना परंपरेचे शब्द पुरे पडले नाहीत हे उघड आहे. तरीही त्यांच्या गाजलेल्या बंदिशीतली नायिका रात्रभर जागतेच आहे, आणि कुणावर तरी तन-मन-धन ओवाळतेच आहे. स्त्रीच्या हाती लेखणी आली. वाट पाहणे मात्र सुटले नाही. याचे उत्तर कुणी असे देईल की ख्यालात शब्द सुराचे निमित्त असतात. ते अर्धेच खरे. तसे असते तर जुने निमित्त चालले असते, नवे शोधण्याची गरज काय होती?

दुसरी तक्रार भाषेची. प्रभाताई मराठीत लिहीत. 'स्वरमयी'सारखे सुंदर पुस्तक त्यांनी मराठीला दिले, 'अंतःस्वर'मध्ये कविता दिली. ख्यालाची भाषा मात्र त्यांच्याकडेही मुख्यतः ब्रज-हिंदीच राहिली. हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही, साऱ्या महाराष्ट्राच्या ख्यालगायकीचा आहे. पण आपल्याला तो जास्त टोचतो. घरात दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी, अशा तीन भाषांतून येऊन आपण लिहिण्यासाठी मराठी निवडली, आणि त्यासाठी घरचे व बाहेरचे दोघांचे टोमणे खाल्ले. जी भाषा आपल्या दुःखाला पुरते ती ख्यालाला का पुरू नये? जेजुरीचा सगनभाऊ पेशवाईच्या अखेरीस मराठीत लावण्या रचत होता आणि शेवटच्या कडव्यात आपले नाव ठोकून घालत होता. त्याला कुणी विचारले नाही की मराठी तुझी कशी. आमच्या शेजारच्या नारायणगावात विठाबाईंच्या फडावर लावणीची ठिणगी पडायची तेव्हा ती रचना कुणाची, कुठल्या जातीची, याचा हिशेब माणसे करत नसत. तमाशाने जे दोनशे वर्षांपूर्वी केले ते ख्यालाने आजवर धड केले नाही. प्रभाताईंच्या अंगी ती ताकद होती, म्हणून ही हळहळ.

मात्र या तक्रारी त्यांच्याच कामाने आम्हाला करता येतात, हे विसरून चालणार नाही. रचना कायमची ठरलेली नाही, ती बदलता येते, नवी करता येते, हे त्यांनी दाखवले. राग ठरावीक वेळीच गावा या नियमाकडेही त्या चिकित्सेनेच पाहत. त्यांच्याकडे युरोपातून मुली शिकायला आल्या. सुझान आबुएल ही स्विस जाझ गायिका त्यांच्याकडे शिकली आणि परत जाऊन आपल्या तऱ्हेने गाऊ लागली. ज्या तालमीने कैरानाहून निघून बडोदा, मिरज, पुणे अशी मुक्कामे केली, ती अशी आणखी पुढे गेली. ज्यांच्या हाती ती पडली त्यांनी आपल्या परीने तिच्यात भर घातली, म्हणूनच ती जिवंत राहिली.

आणि इथेच आपल्याला स्वतःशी थोडे कठोर व्हावे लागेल. आपल्या सभा-संमेलनांत संगीताचा विषय निघाला की आपण उस्तादांची नावे मोठ्या अभिमानाने घेतो. अब्दुल करीम खाँ आमचे, अल्लादिया खाँ आमचे. नावे खरी आहेत आणि ती कुणी इतिहासातून खोडू पाहील तर जोराने घ्यावीतही. पण सभा संपल्यावर घरी जाऊन किती जण आपल्या मुलीला तानपुऱ्यापाशी बसवतात? जुन्नर-आंबेगावच्या आपल्या घरांत आजही "हे आपल्यातलं नाही" हेच वाक्य ऐकू येते, आणि ते बोलणाराच स्टेजवर उस्तादांचा वारसा सांगत असतो. वारसा वडिलांच्या नावाने मिळत असता तर खाँसाहेबांची गादी रक्ताच्या नात्यातच राहिली असती. ती रियाजाने मिळते. सदाशिव पेठ काय किंवा आळे काय, पहाटे उठून जो खर्ज लावील त्याचा तो सूर. प्रभाताईंनी बंदिश रचण्याचा अधिकार कुणाकडे मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही. रचल्या, गायल्या, छापल्या, आणि लोकांनी त्या गाऊन तो अधिकार मान्य केला. त्याच्याकडे दुसरा दाखला लागत नाही.

आमच्या थोरल्या भावाची नात सध्या नववीत आहे. तिला आम्ही फाट्यावरच्या दुकानातून एक जुनी पेटी आणून दिली. घरात थोडी कुरबूर झाली, ती होणारच होती. परवा ती कलावतीचे पाच स्वर घोळवत बसली होती. मध्येच थांबून विचारले, "दादाजान, यात आपल्या बोलीतले शब्द घातले तर चालतील का?" आम्ही चाल बसते का ते पाहायला सांगितले. ती अजून बसवते आहे.